अंबाड्यातला सतरा नंबर

ज्या कुणी पहिल्यांदा मुलींच्या पँटला खोटा खिसा शिवला, त्या माणसाने पाच विमानं जमिनीवर बसवली, एका भल्या माणसाची झोप उडवली आणि माझ्या आईला देवासकट दीड तास जीपमध्ये हादरे खायला लावले. त्याने निदान माफी तरी मागावी!

तुम्ही म्हणाल, कुठे खिसा आणि कुठे विमान. सांगते. चहा घ्या आधी. या गोष्टीत शेवटी गाढव कोण ठरतं ते मला तोंडपाठ आहे, तुम्हाला कळायला दोन घोट जातील.

मी केजची. विमान दुरुस्तीचं शिक्षण घेतलं. आमच्याकडे 'पोरगी विमानाचं शिकती' म्हटलं की लोक विचारतात, "म्हंजे विमानात पाणी देती का?" मी म्हणते, नाही, मी विमान दुरुस्त करते. यावर शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "मग अण्णाचंच काम की! फकस्त वरचं."

अण्णा म्हणजे माझे वडील. केज ते अंबाजोगाई प्रवाशांची जीप चालवतात आणि तिचा नटबोल्टही दुसऱ्याला लावू देत नाहीत.

तर शिक्षण संपलं आणि माझ्यापुढे दोन रस्ते आले. एक मोठी कंपनी. दूरच्या महानगरात. हजारो माणसं, कंपनीची बस, कंपनीचा दवाखाना, जेवायला चार प्रकारच्या भाज्या. त्यांनी मला घेतलंही होतं. काम काय? मालवाहू विमानाच्या दाराच्या बिजागरीचे कागद तपासायचे. एका दाराच्या. डाव्या. मी मुलाखतीत विचारलं, "आणि विमानाला हात कधी लावायचा?" समोरचे गृहस्थ फार सभ्य होते. म्हणाले, "दोन-तीन वर्षांनी बघू."

दुसरी लहान कंपनी. केजपासून दीड तासावर एका माळावर धावपट्टी, पत्र्याची मोठी शेड, तिला म्हणायचं हँगर. अकरा माणसं. उड्डाण शिकवणाऱ्या संस्थेची पाच छोटी विमानं ते सांभाळतात. त्यांनी अजून होय म्हटलं नव्हतं. म्हणाले, एक दिवस येऊन काम बघ, आम्ही तुला बघतो, मग ठरवू.

घरात दोन पक्ष पडले. मामा मोठ्या कंपनीचा. मामा परळीला थर्मलमध्ये, म्हणजे वीजकेंद्रात, नोकरीला आहे, सणाला आमच्याकडे आला होता.

"शुभे, मोठ्या झाडाखाली बस. तुझ्या मामीचं ऑपरेशन झालं तवा माझ्या आधी आमच्या हापिसातली चार माणसं दवाखान्यात जाऊन बसलती. लहान ठिकाणी कोण येतंय बे?"

"पावणं, मोठ्या झाडाखाली गवत उगवत न्हाई," अण्णा म्हणाले. "मी मालक बी हाय, ड्रायवर बी हाय, मेस्तरी बी हाय. कुनाला इचारायचं काम न्हाई."

"म्हनून तर दाजी, गाडी बंद पडली की तुमी बी बंद!"

आणि मी? मी अर्थातच लहान कंपनीची. नुसती बाजूची नाही, प्रचारक! जीप-अड्ड्यावर अण्णांना डबा द्यायला गेले तर तिथल्या प्रवाशांनाही सोडलं नाही. "मोठ्या कंपनीत माणसाचा स्क्रू होतो!" मी सांगितलं. "लहान कंपनीत एका माणसाला किंमत असते! एका माणसामुळे सगळं अडतं, एका माणसामुळे सगळं चालतं!"

जीपमध्ये अर्धा तास बसून असलेले एक आजोबा म्हणाले, "पोरी, मग तुझ्या बापाला सांग की. एका मानसासाठी जीप अडलीया. एका मानसाला किंमत असंल तर सोड म्हनावं आता!"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. विचारवंतांना असं करावं लागतं.

अष्टमीला सकाळी मी त्या माळावर पोचले. कुर्ता, ओढणी आणि नवी कोरी जीन्स. बाहेरून बघाल तर पुढे दोन झकास खिसे. हात घालायला गेलं तर नुसती शिवण! पण ते मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही.

फाटकावर बाबूराव काका होते, वॉचमन. खाकी स्वेटर, जाड चष्मा, पुढ्यात रजिस्टर. माझी पिशवी त्यांनी पार रिकामी केली. डबा उघडला.

"भाकरी दोन," त्यांनी लिहून घेतलं. "ठेचा एक."

"काका, भाकरीसुद्धा लिहिता?"

"आत काय गेलं, भाईर काय आलं, समदं लिवायचं. शेख सायबाचा नियम हाय."

शेख सर म्हणजे तिथले मुख्य अभियंता. हवाई दलातून निवृत्त झालेले, पांढरी दाढी, चष्मा कपाळावर. त्यांनी मला आधी विमान दाखवलं नाही, एक फळी दाखवली. भिंतभर फळी, तिच्यावर प्रत्येक हत्याराची काळ्या रंगात आकृती काढलेली आणि त्या आकृतीवर ते ते हत्यार टांगलेलं. प्रत्येकावर नंबर कोरलेला.

"बेटा, सकाळी मोजायचं, संध्याकाळी मोजायचं," सर म्हणाले. "एक जरी आकृती रिकामी दिसली, तर इथलं एकही विमान उडत नाही. हत्यार विमानात राहिलं आणि वर गेल्यावर कुठं अडकलं, तर आत बसलेल्या पोराला आपण काय सांगणार?"

मी तर पागलच झाले. अशी माणसं! अशी निष्ठा! मनातल्या मनात मी मामाला दहा वाक्यं सुनावली.

दुपारी सर एका विमानाच्या इंजिनापाशी काम करत होते. मी बाजूला उभी, नुसती बघ्याची भूमिका. सरांनी एक झाकण उघडलं, हातातला लाल मुठीचा बारीक पेचकस पंखावर ठेवला आणि आत डोकं घातलं.

पंखावर हत्यार! पहिल्या वर्षाचा पहिला धडा: हत्यार विमानावर ठेवू नये, विसरतं. माझ्यातली आदर्श अभियंता खडबडून जागी झाली. म्हटलं, सर विसरले तर? मी तो पेचकस अलगद उचलला. सुरक्षिततेसाठी, बरं का!

तेवढ्यात आतून आवाज आला, "बेटा, उजेडाला बॅटरी धर जरा. दोन्ही हातांनी. हलवू नकोस."

आता पेचकस ठेवू कुठे? पंखावर ठेवायचा नाही. जमिनीवर तर मुळीच नाही. खिशात घालायला गेले तर शिवण! मग मी काय केलं? केसांचा अंबाडा घातलेला होता. त्यात खोचला. घट्ट बसला. दोन्ही हातांनी बॅटरी धरली.

आणि विसरले.

विसरणार नाही तर काय? पाच मिनिटांनी सरांनी इंजिन सुरू करून दाखवलं! पंखा फिरला, माझी ओढणी उडाली. आयुष्यात पहिल्यांदा विमानाचा वारा अंगावर घेतला मी. असल्या क्षणी डोक्यात काय आहे हे कुणाच्या डोक्यात राहतं?

"तुझी बस चुकेल, पळ आता," सर म्हणाले. "उद्या सकाळी नऊला फोन करून काय ते सांगतो."

फाटकावर बाबूराव काकांनी पुन्हा पिशवी पालथी केली.

"भाकरी एकच दिसती. दुसरी?"

"खाल्ली, काका."

त्यांनी लिहिलं, 'खाल्ली.' मग वर बघितलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "केस लई भारी बांधलेत, ताई."

मी लाजून आभार मानले!

बसमध्ये मागच्या बाकावरच्या दोन बायका सारख्या माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या. एक जण जरा मोठ्यानेच म्हणाली, "कसली बाई ही फ्याशन!"

मला वाटलं जीन्सबद्दल चाललंय. मी गर्रकन वळले. "मावशी, बाईनं काय घालावं ते बाईनं ठरवायचं! लोक काय म्हणतील म्हणून आपण किती दिवस जगायचं?"

मावशी बिचाऱ्या दचकल्या. "तसं न्हाई गं बाई. मी तुझ्या डोक्याचं म्हनत हुते."

"माझ्या डोक्यात काय असावं तेही मीच ठरवणार!"

अख्खी बस गप्प झाली. मला वाटलं, काय प्रभाव पडला!

केजच्या स्टँडवर उतरले, धूळ नको म्हणून ओढणी डोक्यावरून गुंडाळली, अण्णांच्या जीपमधून घरी आले, चार घास खाल्ले आणि होते तशी आडवी झाले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. एकदा मांडली की दसरा उजाडेपर्यंत उचलायची नाहीत. त्यांची सुट्टी असते. मी उठले तेव्हा आईची पूजा झालेली होती. पाटावर आजोबांचा कोयता, आईचा विळा, खुरपं, अण्णांचे तीन पान्हे आणि लाल मुठीचा एक पेचकस.

मला वाटलं अण्णांचाच. मी पाटापुढे बसले, डोळे मिटले आणि मनापासून म्हटलं, "आज चांगली बातमी येऊ दे."

नमस्कार केला हो मी त्याला! वाकून!

नऊ वाजले. फोन नाही. साडेनऊला मोठ्या कंपनीची आठवण आली, म्हणजे त्यांनीच पाठवली: आज दुपारी बारापर्यंत होकार कळवा, अन्यथा जागा दुसऱ्या उमेदवाराला देण्यात येईल. मी लहान कंपनीला फोन लावला. घंटा वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. अकरा वेळा! सरांच्या मोबाइलवर, ऑफिसच्या फोनवर, सगळीकडे.

मामा बाजेवर बसून चहा पीत होता. "लहान कंपनी म्हंजे आसंच आस्तंय. मालक जेवाया बसला की कंपनी बंद."

"आज सण हाय, पावणं. पूजेत असतील," अण्णा म्हणाले.

"विमानाची कंपनी हाय का पिठाची गिरणी, दाजी?"

आणि इथे माझं डोकं फिरलं. तुम्हाला सांगते, आदर्शवादी माणसाइतक्या वेगाने बाजू कुणीच बदलत नाही. कालपर्यंत ज्यांच्या आरत्या ओवाळल्या, त्यांच्यावर मी अंगणात उभी राहून अर्धा तास बोलले. शिस्त नाही! दिलेला शब्द नाही! फळीवर आकृत्या काढून काय होतं, माणसाचा वेळ कुणी मोजायचा? मामा मान डोलवत होता. अण्णा उठले आणि फडकं घेऊन जीप पुसायला लागले. जीप स्वच्छच होती.

मग मी लहान कंपनीला मेल लिहिला. अजून पाठ आहे मला. 'महोदय, ज्या संस्थेला फोनची घंटा ऐकू येत नाही, तिला इंजिनातला बिघाड कसा ऐकू येणार? जिथे शब्दाची जबाबदारी घेतली जात नाही, तिथे मी माझी वर्षं वाया घालवू इच्छित नाही. आपल्या संस्थेत सर्वप्रथम शिस्तीची गरज आहे.'

शिस्तीची! मी! लिहिलं, आणि पाठवलंही.

मग मोठ्या कंपनीला होकार लिहायला घेतला. 'सहर्ष स्वीकार' इथपर्यंत आले आणि फोन वाजला. शेख सर.

मी मनाशी ताठ झाले. पण सरांचा आवाज आला तो थकलेला, कोरडा.

"बेटा, माफ कर. काल संध्याकाळपासून आम्ही सगळे विमानांमध्ये आहोत. आत काम करताना फोन दाराशी डब्यात ठेवतो. तुझे फोन आत्ता बघितले."

"काय झालं सर?"

"एक हत्यार मोजणीत कमी आलं. पाचही विमानं थांबवली, सीट काढल्या, तळ उघडले. नाही सापडत. तुला विचारायचं डोक्यातसुद्धा आलं नव्हतं, तू तर नुसती बघत होतीस. पण आत्ता बाबूराव म्हणतोय की काल जाताना त्या ताईंच्या केसात काहीतरी लाल होतं. म्हातारा आहे, चष्मा जाड आहे. तरी म्हटलं विचारावं. लाल मुठीचा पेचकस. सतरा नंबर."

माझा हात आपोआप डोक्याकडे गेला. अंबाडा रिकामा. मग मान आपोआप पाटाकडे वळली. झेंडूच्या फुलाखालून लाल मूठ माझ्याकडे बघत होती.

खरं सांगू? एक क्षण, एकच क्षण, मनात आलं की 'नाही सर, क्लिप होती' म्हणावं. कुणाला कळणार होतं? मोठी कंपनी बारापर्यंत वाट बघतच होती. पण मग डोळ्यांसमोर आलं, मी नाही म्हटलं तर हे अकरा जण पुन्हा गुडघ्यावर बसणार. नसलेला पेचकस शोधत.

"सर," मी म्हटलं, "माझ्याकडे आहे. मी आणते. आत्ता आणते."

सर म्हणाले, "नंबर डोळ्यांनी बघेपर्यंत शोध थांबवता येत नाही." मग, "ये."

मी पाटाकडे झेपावले. आईने मनगट धरलं.

"काय करतीस?"

"आई, हे इथं कसं आलं?"

"तुझ्या केसातनं. सकाळी उशीवर लाल मूठ दिसली. तुला इचारलं, 'तुझं हाय का?' तू झोपंत 'हं' म्हनलीस. म्हनलं, पोरीचं पयलं हत्यार. पयला मान त्याला दिला." आईचा आवाज जरा ओला झाला होता. "हळद बी त्यालाच आधी लावली."

आता अशा बाईला काय बोलणार?

"आई, ते माझं न्हाई. त्यांचं हाय. चुकून आलंय. आत्ता न्यायला पायजे."

"उद्या ने. मांडलेलं हत्यार दसऱ्याबिगर उचलायचं न्हाई. माझ्या सासूनं कधी उचललं न्हाई, मी उचलू देनार न्हाई."

"पाच विमानं उभी आहेत गं!"

"मग? आज हत्याराची सुट्टी. तीबी उभीच ऱ्हानार की."

मी रडायच्या बेतात. मामा म्हणाला, "कुरियर कर." आई म्हणाली, "कुरियरवाला काय उचलल्याबिगर नेनार हाय का?" तेवढ्यात अण्णा दारातून आत आले. हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. आयुष्यभर रस्त्यात बंद पडलेली गाडी तारेने बांधून घरी आणणारा माणूस तो.

"हत्यार पाटावरनं उचलायचं न्हाई, बरोबर?" त्यांनी आईला विचारलं.

"न्हाई."

"मग पाटच उचलू."

तर मंडळी, अशी निघाली आमची वरात. जीपमध्ये मागे समोरासमोर मी आणि आई, मध्ये आमच्या गुडघ्यांवर पाट. पाटावर कोयता, विळा, खुरपं, पान्हे, नारळ आणि सतरा नंबर. खड्डा आला की आई नारळ धरायची आणि मी कोयता. पुढे अण्णा आणि मामा. स्टँडपाशी दोन प्रवासी सवयीने "अंबाजोगाई?" म्हणत मागे चढायला आले. आत बघितलं. हात जोडले आणि उतरले.

पावणेबाराला मामा पुढून वळला. माझा फोन त्याच्या हातात होता.

"शुभे, पंधरा मिनटं ऱ्हायलीत. तू नुसतं हो म्हन, मी दाबतो. पेचकस देऊन यायचा, नोकरी तिकडं करायची. भांडन कुनाचं हाय?"

मामाचं चुकत नव्हतं. दवाखान्यात येऊन बसणारी चार माणसं ही काही थोडी गोष्ट नाही. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. पण समोर पाटावर तो पेचकस होता. केवढासा! वीतभर. आणि त्याच्यासाठी अकरा माणसं कालपासून पोटावर सरपटत होती.

"मामा," मी म्हटलं, "मोठ्या कंपनीतही शोधलाच असता. पण शोधणारा कोण ते मला कधी कळलं नसतं."

"मग?"

"मग काही नाही. राहू दे."

मामाने फोन मांडीवर ठेवला. बारा वाजले. "गेली," तो हळूच म्हणाला. अण्णांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गिअर बदलला. मला फार उदात्त वाटायला लागलं. तत्त्वासाठी केवढा त्याग! आणि त्याच क्षणी आठवलं.

मेल!

लहान कंपनीला तर मी सकाळीच नकार पाठवलेला! तोही कसा? शिस्तीचे धडे देऊन! म्हणजे बारा वाजून एक मिनिटाने मी अशी अभियंता होते, जिच्याकडे सकाळी दीड नोकरी होती आणि आता मांडीवर एक पाट होता.

"आई," मी म्हटलं, "माझं लई चुकलं गं."

"नारळ धर," आई म्हणाली.

फाटकावर बाबूराव काका. रजिस्टर उघडलं, चष्मा सरळ केला, जीपमध्ये डोकावले. तरी नियम तो नियम!

"पाट एक. कोयता एक. इळा एक. खुरपं एक. पान्हे तीन. नारळ एक. पेचकस..."

पेन थांबलं. मग हा साठी उलटलेला माणूस हँगरकडे असा पळत सुटला की त्याची एक चप्पल फाटकातच राहिली.

"सायेब! घावला! घावला!"

हँगरमध्ये पाचही विमानांची पोटं उघडी होती. सीट बाहेर ओळीने मांडलेल्या. माणसं विमानाखालून, विमानातून, पंखाआडून बाहेर आली. सगळ्यांचे गुडघे काळे. शेख सर आले. एका रात्रीत ते दहा वर्षांनी मोठे दिसत होते.

त्यांनी हात पुढे केला. आई म्हणाली, "दादा, उचलू नका. उद्या उचलायचा."

मला वाटलं, संपलं. पण सरांनी हात मागे घेतला. पाटाशी उकिडवे बसले, मान वाकडी करून बॅटरी मारली आणि हळदीखालचा नंबर वाचला.

"सतरा."

मग तिथेच जमिनीवर मांडी घालून बसले. चष्मा काढून डोळे पुसले.

"बेटा, चाळीस वर्षांत माझ्या हातून हत्यार हरवलं नव्हतं. काल रात्रभर माझ्या हातांना विचारत होतो, कुठं ठेवलं रे? सकाळी मालकांना सांगून टाकलं, माझं वय झालं, दुसरा माणूस बघा."

मी पुढे झाले. "सर, तुम्ही काही विसरला नव्हता. तुम्ही पंखावर ठेवला होता. मी उचलला."

"कशासाठी?"

मी म्हटलं, "सुरक्षिततेसाठी, सर."

कुणीतरी मागून फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग सर स्वतः. चाळीस वर्षांचं ओझं उतरलेला माणूस कसा हसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. आई सोडून सगळे हसत होते. आई म्हणाली, "नारळ कुठं ठेवू?"

हँगरमधली पूजा शोधाशोधीत राहिलीच होती. सर म्हणाले, "इथंच ठेवा, आपा. उद्या सगळे मिळून उचलू." पाट त्या फळीखाली ठेवला. आईने फळीलाही हळदकुंकू लावलं, सतरा नंबरच्या रिकाम्या आकृतीला जरा जास्तच. सरांनी नोंदवहीत लिहिलं: 'सापडला. पूजेत आहे.' आणि माणसं पुन्हा कामाला लागली. उघडलेलं सगळं बंदही करायचं होतं ना!

"चल ऑफिसात," सर मला म्हणाले. "तुझं काय ते बोलायचं राहिलंय."

"ऑफिसात नको सर! इथंच बोलू! कॉम्प्युटर नको!"

"मेल ना? वाचला मी. तू रस्त्यात होतीस तेव्हा." त्यांनी घडी घातलेला कागद काढला. छापून घेतला होता! चष्मा खाली ओढून सगळ्यांसमोर वाचला. "'आपल्या संस्थेत सर्वप्रथम शिस्तीची गरज आहे.'"

माझ्या शेजारी मामा उभा होता. तोसुद्धा दोन पावलं बाजूला सरकला.

"पहिलं वाक्य बरोबर आहे," सर म्हणाले. "अकरा जण आत, फोनपाशी एकही नाही. चूक आमची. हा कागद फोनच्या डब्यावर चिकटवणार आहे." त्यांनी खरंच चिकटवला. तो आजही तिथे आहे. खाली माझ्या नावासकट. "राहिला तुझा नकार. तो मंजूर. आता नवा अर्ज लिही. हाताने."

"सर, इतकं होऊनही मला...?"

"फोनवर तू 'नाही' म्हणाली असतीस तर आम्ही अजून आठ दिवस शोधलं असतं. 'हो' म्हणायला मला शिकवता येत नाही, तसं माणूस आयतंच लागतं. बाकी सगळं शिकवीन." मग माझ्या जीन्सकडे बघून म्हणाले, "आणि सोमवारी येताना खिशाची पँट."

मी अर्ज लिहिला. लहान कंपनीत एका माणसाला किंमत असते, असं मी जीप-अड्ड्यावर ठणकावून सांगत होते ना? खरंच असते हो. एका माणसामुळे सगळं अडतं. मी एकटीने अडवून दाखवलं!

निघताना जीपमध्ये मी पुढे बसले. मान वर, केस पुन्हा अंबाड्यात, नव्या नोकरीचा तोरा. मामासुद्धा म्हणत होता, "मानसं चांगली हायती बे." फाटकाशी बाबूराव काकांनी हात आडवा केला. मागची सीट बघितली. सीटखाली बघितलं. रजिस्टरमध्ये 'पाट आतच' असं लिहिलं. मग माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

"ताई, काल म्या म्हनलतो, केस लई भारी बांधलेत. चूक झाली माजी. आता खाली उतरा अन् आंबाडा सोडून दाखवा."